चोरवाटा बुजविल्या, म्हणजे गिऱ्हाईक दुकानात येते काय?

चित्रपट व गाणी यांच्या चोरट्या प्रती पुरविणारी संकेतस्थळे न्यायालयाच्या आदेशाने बंद केली, की प्रेक्षक आपोआप पैसे मोजू लागतील, असे निर्माते गृहीत धरतात. एक संकेतस्थळ बंद केले तर त्याच्या जागी दुसरी उगवतात, सबब हा सारा खटाटोप व्यर्थ होय, असे टीकाकार म्हणतात. ब्रिटनमधील अनुभव पाहता ही दोन्ही मते अर्धसत्ये ठरतात.

तेथे २०१२ साली ‘द पायरेट बे’ हे एकच संकेतस्थळ अडविण्यात आले. २०१३ मध्ये १९ व २०१४ मध्ये ५३ संकेतस्थळांवर तीच पाळी आली. मायकेल स्मिथ, राहुल तेलंग प्रभृती संशोधकांनी या तिन्ही प्रसंगी ग्राहकांच्या वर्तनात काय फरक पडला, हे तपासले. पहिल्या बंदीने अधिकृत सेवांचा वापर वाढला नाही. लोक इतर चोरट्या संकेतस्थळांकडे वळले. ५३ संकेतस्थळे अडविल्यावर मात्र त्यांच्या ग्राहकांकडून वर्गणीच्या अधिकृत सेवांचा वापर ७ ते १२ टक्क्यांनी वाढला व नवे वर्गणीदारही मिळाले. २०१३ चा अनुभव याच प्रकारचा होता.

याची मीमांसा अवघड नाही. फुकट मिळणाऱ्या वस्तूलाही किंमत असतेच. शोधण्यात जाणारा वेळ आणि संगणकाला विषाणूची बाधा होण्याची भीती, ही ती किंमत. एक दार लावल्याने ती फारशी वाढत नाही, कारण शेजारचे दार उघडे असते. अनेक दारे एकदम लागली, की ती वाढते आणि सीमांत ग्राहक अधिकृत सेवेकडे वळतो. तथापि ज्याला वर्गणी परवडतच नाही, त्याचे चोरून पाहणे थांबले, तरी निर्मात्याच्या पदरात काही पडत नाही.

भारतात दिल्ली उच्च न्यायालयाने २०१९ साली बंदी घातलेल्या संकेतस्थळांच्या नव्या प्रतिरूपांनाही तीच बंदी लागू करण्याची सोय केली. २०२३ च्या सिनेमॅटोग्राफ दुरुस्ती कायद्याने ३ वर्षांपर्यंत कैद व निर्मितीखर्चाच्या ५ टक्क्यांपर्यंत दंड ठरविला. दंडशक्तीची बाजू अशी भक्कम झाली आहे. तिच्या वापरात एखादे निर्दोष संकेतस्थळ भरडले जाऊ नये, म्हणून न्यायालयाची देखरेख मात्र सैल पडता कामा नये.

उरते ती निर्मात्यांची जबाबदारी. बंदीमुळे गिऱ्हाईक दुकानाच्या दारापर्यंत येईल; पण आत हवा तो माल नसेल, किंवा त्याचा भाव सामान्य पगारदाराला परवडणारा नसेल, तर ते आल्या पावली परत जाईल.