चार अठ्ठावन्नचा रिमाइंडर

अमरावती जिल्ह्यातल्या गुरुकुंज मोझरीला दरवर्षी आश्विनात लाखोंचा समुदाय एका ठरलेल्या मिनिटाला जागच्या जागी स्तब्ध उभा राहतो. वेळ ४ वाजून ५८ मिनिटं. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी ११ ऑक्टोबर १९६८ रोजी सायंकाळी याच वेळी देह ठेवला, म्हणून मौन श्रद्धांजलीही याच वेळी. आता हा क्षण कॉम्प्युटरच्या रिमाइंडरमध्ये घालून बघा. ४:५८ लावायला काहीच लागत नाही. तारखेच्या चौकोनापाशी मात्र गाडी अडते. ११ ऑक्टोबर टाकून ‘दरवर्षी’वर टिचकी मारली तर फसलोच, कारण पुण्यतिथी आश्विन वद्य पंचमीची. ही पंचमी २०२२ साली १४ ऑक्टोबरला आली, २०२३ साली थेट २ नोव्हेंबरला आणि २०२४ साली २१ ऑक्टोबरला. मिनिट घड्याळाचं आणि दिवस चंद्राचा! मोझरीला जाणाऱ्या साध्या माणसाला यात काहीच अवघड वाटत नाही. ॲपला मात्र ‘दरवर्षी’ म्हणजे तीच तारीख, एवढंच कळतं.

या पंचमीच्या उड्यांमागे भलतंच सुंदर गणित आहे. सूर्यापासून चंद्र बारा अंश पुढे सरकला की एक तिथी संपते. चंद्राची कक्षा लंबवर्तुळाकार, त्यामुळे तो कधी भरभर चालतो, कधी रमतगमत. म्हणून एखादी तिथी वीस तासांत उरकते, तर एखादी सव्वीस तासांच्याही पुढे रेंगाळते. सूर्योदयाला जी तिथी चालू असेल ती साधारणपणे त्या दिवसाची. तिथींनी बनणाऱ्या बारा चांद्रमासांचं वर्ष ३५४ दिवसांचं भरतं, म्हणजे ऋतूंच्या वर्षापेक्षा अकरा दिवस तोकडं. ही तूट साचत गेली की अधिक महिना घालून ती भरून काढायची. २०२३ साली अधिक श्रावण आला आणि आपली पंचमी एका झटक्यात १९ दिवस पुढे गेली, ती त्यामुळेच.

खरी गंमत पुढे आहे. १९ सौर वर्षांत जवळजवळ बरोबर २३५ चांद्रमास बसतात. दोन्हींतला फरक जेमतेम दोन तासांचा! म्हणजे दर १९ वर्षांनी तारीख आणि तिथी पुन्हा गळाभेट घेतात, फार तर एखाद्या दिवसाच्या फरकाने. १९६८ मध्ये तीन वेळा १९ मिळवा, २०२५ येतं. २०२५ सालच्या ११ ऑक्टोबरला सकाळी पंचांगात कोणती तिथी होती? आश्विन वद्य पंचमी. ५७ वर्षांनी सूर्य, चंद्र आणि कॅलेंडरचं पान तिघंही जागेवर. ‘दरवर्षी ११ ऑक्टोबर’ असा चुकीचा रिमाइंडर लावून बसलेला माणूसही त्या वर्षी बरोबर ठरला असता.

मग संगणकाला हा हिशेब जमत नाही का? जमतो की. पंचांगकर्ते आज संगणकावरच गणित करतात. अडचण आहे ती पुनरावृत्तीचे नियम लिहिण्याच्या भाषेची. एका कॅलेंडर ॲपमधली नोंद दुसऱ्याला समजावी म्हणून १९९८ मध्ये आयकॅलेंडर नावाचं प्रमाण ठरलं, २००९ मध्ये ते सुधारलं गेलं. त्यातले नियम इंग्रजी महिन्यांवर बेतलेले. चिनी, हिब्रू यांसारख्या इतर कालगणनांना वाट करून देणारी जोड २०१५ मध्ये आली, पण आपल्या नेहमीच्या ॲपांच्या पडद्यावर ती क्वचितच दिसते.

बरं, तिथी सोडून निव्वळ तारखांवर आलो तरी सुटका नाही. अकोल्यातल्या एखाद्या दुकानदाराने गाळ्याच्या भाड्यासाठी ‘दर महिन्याच्या ३१ तारखेला’ असा रिमाइंडर लावला, तर एप्रिलमध्ये काय व्हावं? आयकॅलेंडरचं उत्तर करकरीत आहे: जी तारीखच नाही ती गाळायची. म्हणजे वर्षातून सातच वेळा घंटी, बाकी पाच महिने शुकशुकाट. काही ॲपं परस्पर ३० धरतात आणि सांगत मात्र नाहीत. वास्तविक त्याच प्रमाणात महिन्याचे दिवस शेवटून मोजायची सोय आहे. ‘उणे एक’ लिहिलं की महिन्याचा शेवटचा दिवस, मग तो २८ असो की ३१. इतकी सुबक युक्ती असूनही तिच्यासाठी पडद्यावर साधं एक बटण नसावं, याची मला चीड येते.

संगणकाची भाषा ‘इंग्रजी, अमेरिका’ अशी राहून गेली असेल तर आणखी एक सापळा. ५/६ म्हटलं की आपल्याला ५ जून दिसतो, त्याला ६ मे. बारा तारखेपुढे यंत्र निदान अडखळतं तरी, पण वर्षातल्या १३२ तारखा अशा आहेत की दिवस-महिन्याची अदलाबदल होते आणि कोणाला पत्ता लागत नाही.

सगळ्यांत चक्रावून टाकणारा प्रकार वाढदिवसाचा. १५ जूनचा वाढदिवस टाकावा आणि उघडून बघावं तर १४ जून! “काऊन बाप्पा, हे एक दिवस आधीच दाखवते?” असा प्रश्न कोणालाही पडेल. पुष्कळ सॉफ्टवेअरं प्रत्येक क्षण पोटात जागतिक प्रमाणवेळेत साठवतात. १५ जूनची मध्यरात्र, म्हणजे आपल्याकडे दिवस उजाडण्याचा हिशेबी क्षण, जागतिक वेळेत १४ जूनची संध्याकाळ असते, साडेसहाची. कच्च्या प्रोग्रॅमने त्यातली वेळ टाकून नुसती तारीख उचलली की वाढदिवस मागे सरकतो. भारतीय प्रोग्रॅमरला १८:३० हा आकडा दिसला की तो मनात ओळखतो, गफलत कुठे आहे ते. वाढदिवस हा क्षण नसतो, तो दिवस असतो. माणूस जिथे असेल तिथला. हे यंत्राला वेगळं सांगावं लागतं.

लेक न्यू जर्सीत असेल तर आणखी मौज. रविवारचा फोन अकोल्याच्या वेळेने लावला तर मार्चच्या दुसऱ्या आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तिकडची वेळ तासाने हलते; तिच्या वेळेने लावला तर इकडे आईबाबांचा तास सरकतो. साडेनऊ तासांचं अंतर साडेदहा होतं आणि दोन्ही रिमाइंडर आपापल्या जागी बरोबरच असतात.

पण जागतिक वेळेच्या पुढचे आपले हे साडेपाच तास आले कुठून? भारतीय प्रमाणवेळ मिर्झापूरजवळून जाणाऱ्या ८२.५ अंश पूर्व रेखावृत्ताची, १ जानेवारी १९०६ पासूनची. सूर्याला एक अंश ओलांडायला चार मिनिटं लागतात. अमरावती पावणेअठ्ठ्याहत्तर अंशांच्या आसपास, अकोला सत्याहत्तरच्या. म्हणजे सूर्याच्या हिशेबाने सरासरी धरली तर अमरावतीची माध्यान्ह १२ वाजून १९ मिनिटांना आणि अकोल्याची १२ वाजून २२ मिनिटांना. शंभरेक किलोमीटरवरच्या या दोन गावांत तीन मिनिटांचा फरक आहे. लोक सूर्यावर घड्याळ लावत होते तेव्हा तो खराखुरा होता. १८६७ मध्ये रेल्वे नागपूरपर्यंत पोचली. पुढे रेल्वेने मद्रासची वेळ धरली आणि फलाटावरचं घड्याळ अमरावतीच्या सूर्यापुढे दहा मिनिटं आणि अकोल्याच्या सूर्यापुढे तेरा मिनिटं धावू लागलं. गाडी चुकण्याला सबब मिळाली ती तेव्हापासूनची असावी.

हा सगळा इतिहास तुमच्या मोबाइलमध्ये आहे. जगभरच्या वेळांची एक नोंदवही असते. आर्थर डेव्हिड ओल्सन यांनी ती सुरू केली, पॉल एगर्ट यांनी सांभाळली आणि बहुतेक संगणक ती वाचतात. भारताची नोंद त्यात ‘एशिया/कोलकाता’ या नावाने आहे. मद्रासची ५ तास २१ मिनिटं १० सेकंद त्यात आहेत, आणि १ सप्टेंबर १९४२ ते १५ ऑक्टोबर १९४५ या युद्धकाळात देशाची घड्याळं तासभर पुढे होती, तेही आहे. त्या तीन वर्षांत जन्मलेल्या आजोबांची पत्रिका मांडताना जाणता ज्योतिषी तास वजा करायला विसरत नाही. नीट लिहिलेला प्रोग्रॅमही विसरत नाही.

पुष्कळ संगणकांची स्वतःची मोजणी सुरू होते १ जानेवारी १९७० च्या जागतिक मध्यरात्रीपासून. म्हणून बॅटरी मेलेला फोन कधीकधी आपल्याकडे १९७० सालची पहाट, साडेपाच वाजता, दाखवतो. जुनी ३२ बिटांची यंत्रं तिथपासून २,१४७,४८३,६४७ सेकंदांपर्यंतच मोजू शकतात. ती मोजणी १९ जानेवारी २०३८ रोजी, मंगळवारी, भारतीय वेळेने सकाळी ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंदांनी संपते. पुढच्या सेकंदाला असलं यंत्र एकदम १९०१ च्या डिसेंबरात जाऊन पडेल. तेव्हा भारतीय प्रमाणवेळ जन्मलीच नव्हती. त्यामुळे वेळांची ती नोंदवही उघडून, इमानाने, ते मद्रासची वेळ सांगेल: १४ डिसेंबर १९०१, पहाटेचे २ वाजून ७ मिनिटं २ सेकंद.