रंधा यंत्राची पाती निवडताना

फर्निचरच्या कारखान्यांबरोबरच हौशी कारागिरांच्या छोट्या वर्कशॉपमध्येही ‘थिकनेस प्लेनर’ दिसू लागला आहे. फळीची जाडी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सारखी करणारे हे यंत्र म्हणजे हातरंध्याचा विजेवर चालणारा थोरला भाऊच होय. यंत्र एकदा घेतले की अनेक वर्षे टिकते. पाती मात्र वरचेवर बदलावी लागतात. अशा वेळी ‘सर्वांत कडक’ म्हणून दुकानदार जे पाते पुढे करतो, ते घेऊन अनेक जण मोकळे होतात. वास्तविक ही निवड दोन प्रश्नांच्या उत्तरावर ठरायला हवी. यंत्राखालून कोणते लाकूड जाणार आहे आणि पात्याला पुन्हा धार कोण लावून देणार आहे?

बोथट की नुसते मळलेले?

रंधलेल्या पृष्ठभागावर तंतू उभे राहणे, गाठीजवळ लाकूड उचकटणे, यंत्राचा आवाज चढणे आणि पूर्वीइतक्याच कापाला मोटर दमणे, ही पाते बोथट झाल्याची लक्षणे होत. परंतु पाइनसारख्या लाकडाची राळ धारेवर साचली, तरी जवळजवळ हीच लक्षणे दिसतात. म्हणून आधी यंत्राचा प्लग काढून पाती स्वच्छ करून पाहावीत. फळीवर एकच बारीक उंच रेघ उमटत असेल, तर खिळ्यामुळे किंवा खड्यामुळे धारेला खाच पडलेली असते. यंत्राच्या रचनेत वाव असेल, तर एक पाते एक-दोन मिलिमीटर बाजूला सरकवले की एका पात्याची खाच दुसऱ्याच्या धारेने झाकली जाते आणि नवीन खरेदी काही काळ टळते.

धातूचा विचार

साध्या कार्बन स्टीलची पाती स्वस्त असतात. मात्र घर्षणाच्या उष्णतेने त्यांचा कडकपणा लवकर उतरतो. ही अडचण हायस्पीड स्टीलने, म्हणजेच बाजारातील ‘एचएसएस’ने दूर केली. १९०० साली पॅरिसच्या प्रदर्शनात हे पोलाद प्रथम जगासमोर आले. सुमारे ६०० अंश सेल्सिअसपर्यंत तापले, तरी त्याचा कडकपणा बऱ्याच अंशी टिकून राहतो. त्याच्या जुन्या प्रसिद्ध प्रकारात १८ टक्के टंगस्टन असते, तर ‘एम-२’ या प्रकारात सुमारे ६ टक्के टंगस्टन आणि ५ टक्के मॉलिब्डेनम असते. रंधा यंत्राच्या पात्यांसाठी दोन्ही चालतात. केवळ ‘एचएसएस’ हा शिक्का पाहून न थांबता प्रकार कोणता, हे विचारून घ्यावे.

टंगस्टन कार्बाइड याहून कितीतरी कडक असते. त्याची धार खूप काळ टिकते. पण ते ठिसूळ असल्याने आघात सोसत नाही.

सागवानाची कसोटी

महाराष्ट्रात हा फरक विशेष जाणवतो, कारण येथील सुतारकामाचे आवडते लाकूड म्हणजे सागवान. सागाच्या पेशींमध्ये सिलिका असते. वाळूचाच हा घटक धारेला सतत घासत राहतो. त्यामुळे ज्या कारखान्यात रोज नवे, स्वच्छ सागवान रंधले जाते, तेथे कार्बाइडचा जादा खर्च भरून निघू शकतो.

जुन्या वाड्यांच्या तुळया, दरवाजे किंवा पॅकिंगच्या खोक्यांचे पाइन वापरणाऱ्यांचे गणित मात्र वेगळे असते. अशा लाकडात मोडलेला खिळा दडलेला असतो. त्यावर आदळल्यास कार्बाइडचा टवका उडतो. एचएसएसला बहुधा खाच पडते आणि ती घासून काढता येते. येथे एचएसएसच शहाणपणाचे. शिवाय धातुशोधक फिरवून लाकूड तपासण्याची सवय कोणत्याही महागड्या पात्यापेक्षा अधिक उपयोगी पडते.

धार लावण्याचा हिशेब

काही छोट्या यंत्रांत दुहेरी धारेची पाती येतात. एक बाजू झिजली की पाते उलटायचे आणि दुसरी झिजली की फेकून द्यायचे. पुन्हा धार लावता येणारे पाते आरंभी महाग वाटले, तरी ते अनेकदा वापरता येते. मात्र प्रत्येक वेळी त्याची रुंदी थोडी घटते. निर्मात्याने सांगितलेल्या किमान रुंदीखाली गेलेले पाते पकडीत पुरेसे बसत नाही आणि धोकादायक ठरते.

कार्बाइडला धार लावण्यासाठी हिऱ्याची चकती लागते. ती सोय जवळपास नसेल, तर ते पाते घेण्यात फारसा अर्थ नाही. एचएसएसचे ग्राइंडिंगही पाण्याच्या धारेखाली, सर्व पाती एकाच मापात ठेवून करणाऱ्याकडेच द्यावे.

संच मोडू नये

पाती नेहमी पूर्ण संचानेच बदलावीत. दोन पात्यांचे यंत्र मिनिटाला ८ हजार फेरे घेत असेल आणि त्या वेळात ८ मीटर लाकूड पुढे सरकत असेल, तर दर अर्ध्या मिलिमीटरला एक काप बसतो. एक पाते दुसऱ्यापेक्षा किंचित जरी वर राहिले, तरी प्रत्यक्ष काप एकाच पात्याचा होतो, कापांतील अंतर दुप्पट होते आणि फळीवर लाटा दिसतात. पात्यांच्या वजनात तफावत असेल, तर यंत्र थरथरते.

खरेदीला जाताना जुने पाते आणि यंत्राचा मॉडेल क्रमांक सोबत न्यावा. लांबी, रुंदी, जाडी आणि छिद्रांची जागा तंतोतंत जुळायला हवी. जाडीत थोडा फरक असलेले पाते ‘चालून जाईल’ म्हणून कधीही बसवू नये. एवढ्या वेगात पकडीतून निसटलेले पाते जिवावर बेतू शकते.

बसवताना प्लग काढलेला असावा आणि हातात जाड मोजे असावेत. बोल्ट आळीपाळीने, थोडे थोडे करून आवळावेत. कटर ब्लॉक लाकडी काठीने फिरवून पाहावा आणि मोजे उतरवूनच यंत्र सुरू करावे. प्रथम बाजूला उभे राहून ते रिकामे चालवावे, मग हलका काप घ्यावा. उतरवलेली पाती जाड पुठ्ठ्यात गुंडाळून, चिकटपट्टी लावूनच भंगारात द्यावीत. लाकडासाठी बोथट झालेली धार कचरा वेचणाऱ्याच्या बोटांसाठी अजूनही पुरेशी तीक्ष्ण असते.