पऱ्हाटी, सिलिंडर आणि मीटर

इंधनाचा खरा भाव किलोवर ठरत नाही, तो भांड्यात पोचलेल्या उष्णतेवर ठरतो. जालना जिल्ह्यातल्या अनेक घरांत आज तीन इंधने एकत्र नांदतात. परसात पऱ्हाटीची चूल असते, ओट्यावर गॅसची शेगडी आणि तिच्या शेजारी इंडक्शन. सिलिंडर महागला की चूल पेटते, सरपण ओले झाले की पुन्हा गॅस लागतो, आणि विजेचे बिल आले की इंडक्शन कपाटात जाते. ही धरसोड बहुधा अंदाजाने चालते. तिन्हींना एकाच मापात बसवले तर चित्र बरेच स्पष्ट होते. ते माप म्हणजे मेगाज्यूल. विजेचे एक युनिट म्हणजे ३.६ मेगाज्यूल.

आधी पऱ्हाटी. भोकरदन, जाफराबाद, बदनापूर, अंबड, घनसावंगी हा सगळा कपाशीचा पट्टा. शेवटची वेचणी झाली की झाडे चिमट्याने उपटायची, भारे बांधायचे आणि घरामागे रचून ठेवायचे, ही इथली जुनी रीत. वाळलेल्या पऱ्हाटीच्या एका किलोत साधारण १६ मेगाज्यूल ऊर्जा असते. दगडी कोळशाच्या हलक्या प्रतीशी बरोबरी करणारा हा आकडा आहे. मात्र तीन दगडांच्या किंवा मातीच्या साध्या चुलीत त्यातली दहा ते पंधरा टक्केच भांड्याला मिळते. म्हणजे किलोमागे जेमतेम दोन मेगाज्यूल. बाकीची उष्णता हवेत, चुलीच्या मातीत आणि धुरात जाते.

धूर म्हणजे न जळलेले इंधनच. लाकूड थेट पेटत नाही. आधी त्यातले पाणी उडते, मग दोनशे-तीनशे अंशांपुढे त्यातून ज्वलनशील वायू सुटतात, ते पेटतात तेव्हा ज्योत दिसते, आणि शेवटी उरलेला कोळसा निखारा होऊन जळतो. मधल्या टप्प्यात हवा कमी पडली किंवा आच पुरेशी नसली, तर ते वायू तसेच निसटतात आणि डोळ्यांत झोंबतात. ओल्या सरपणात हेच घडते. किलोभर पाणी उडवायला सुमारे अडीच मेगाज्यूल खर्ची पडतात आणि चुलीचे तापमान चढतच नाही. ताज्या उपटलेल्या पऱ्हाटीत वजनाच्या निम्म्याच्या आसपास पाणी असू शकते. त्यामुळे महिना-दोन महिने उन्हात वाळवलेली, बोटभर जाडीची आणि बेताने सारलेली पऱ्हाटी कमी लागते व धूरही कमी करते. हवेचा झोत नीट खेळवणाऱ्या सुधारित चुलींसाठी भारतीय मानक किमान २५ टक्के कार्यक्षमता मागते, पंख्याच्या चुलींसाठी ३५ टक्के. सरपण निम्म्यावर येते ते इथे.

पण पऱ्हाटी फुकट आहे हे म्हणणे अर्धेच खरे. गुलाबी बोंडअळी झाडावर राहिलेल्या कैऱ्यांत आणि सरकीत सुप्त अवस्थेत दडून राहते. घरामागे रचलेली पऱ्हाटी म्हणजे तिची हक्काची जागा. २०१७ च्या हंगामात महाराष्ट्रभर बोंडअळीने कपाशीची दाणादाण उडवली, तेव्हापासून पऱ्हाटी साठवू नका, शेतातच बारीक करून गाडा, असे कृषी विभाग सांगत आला आहे. कैऱ्या आणि बोंडे तोडून जाळून टाकली आणि पावसाळ्याआधी साठा संपवला, तर धोका बराच कमी होतो. मुंबईच्या माटुंग्यातील केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेने पऱ्हाटीचा भुगा दाबून कांड्या आणि विटा करण्याचे तंत्र बसवले आहे. त्यात अळीही मरते आणि इंधनही घट्ट व कोरडे होते. शिवाय चुलीचा धूर फुप्फुसात जातो, त्याची किंमत कुठल्याच बिलात दिसत नाही.

गॅसचे गणित वेगळे. एका किलोत सुमारे ४६ मेगाज्यूल, आणि मानकाप्रमाणे बनलेल्या शेगडीची कार्यक्षमता किमान ६८ टक्के. घरगुती सिलिंडर १४.२ किलोचा, म्हणजे तो भांड्यात साधारण ४४० मेगाज्यूल पोचवतो. एवढ्याच कामाला साध्या चुलीत सव्वादोनशे किलोच्या पुढे पऱ्हाटी लागते. कपाशीच्या एका एकरातून टनभर पऱ्हाटी निघाली, तर ती चार-साडेचार सिलिंडरांच्या तोडीची. ती उपटण्याची, वाहण्याची आणि तोडण्याची मजुरी धरल्यावर काय उरते, हे ज्याच्या त्याच्या घरच्या माणसांवर अवलंबून आहे. बहुतेक घरांत ती मजुरी बाई करते आणि म्हणूनच हिशेबात येत नाही.

सिलिंडरचा भाव जालन्यात ठरत नाही, दिल्लीतही पूर्ण ठरत नाही. भारताला लागणाऱ्या एलपीजीपैकी निम्म्याहून बराच जास्त आयात होतो, तोही मुख्यतः आखातातून, आणि त्याचा आधारभाव सौदी अरामको दर महिन्याला डॉलरमध्ये जाहीर करते. डॉलर वधारला किंवा आखातात तणाव झाला की त्याचा चटका मंठ्यातल्या ओट्यापर्यंत येतो. पेट्रोलचे दर २६ जून २०१० ला आणि डिझेलचे १९ ऑक्टोबर २०१४ ला बाजाराशी जोडले गेले. १६ जून २०१७ पासून देशभर ते रोज बदलू लागले. घरगुती गॅसचा भाव मात्र सरकार अजूनही बऱ्याच अंशी धरून ठेवते.

भाव हातात नसला तरी ज्योत हातात असते. जालना समुद्रसपाटीपासून सुमारे पाचशे मीटर उंचीवर आहे, त्यामुळे इथे पाणी शंभरऐवजी ९८ अंशांच्या आसपास उकळते. एकदा उकळी फुटली की गॅस कितीही मोठा केला तरी तापमान चढत नाही, फक्त वाफ वाढते. लिटरभर गार पाणी उकळीला आणायला जितकी उष्णता लागते, त्याच्या साडेसहापटीहून जास्त उष्णता तेच पाणी वाफ होऊन उडताना घेऊन जाते. झाकण न ठेवता भरभरून उकळणारी डाळ म्हणूनच महागात पडते. कुकरमध्ये दाब वाढतो, पाणी १२० अंशांच्या जवळ उकळते आणि शिजण्याचा वेग कित्येक पटींनी वाढतो. पहिल्या शिट्टीनंतर आच बारीक करणे आणि तुरीची डाळ तासभर आधी भिजत घालणे, या दोन सवयींनी जेवढा गॅस वाचतो तेवढा बाजारातल्या कुठल्याही ‘गॅस बचत’ जाळीने वाचत नाही.

इंडक्शनचे शास्त्र जालनेकरांना नवे वाटू नये. इथल्या औद्योगिक वसाहतीतल्या पोलाद कारखान्यांत भंगार वितळते ते याच तत्त्वावर. तांब्याच्या वेटोळ्यातून वेगाने दिशा बदलणारी वीज सोडली की भोवती बदलते चुंबकीय क्षेत्र तयार होते, आणि त्या क्षेत्रातल्या धातूत भोवऱ्यासारखे प्रवाह फिरू लागतात. मायकेल फॅरेडेने १८३१ मध्ये शोधलेला हा नियम भट्टीत १६०० अंशांपर्यंत लोखंड तापवतो आणि ओट्यावर भाजी परततो. उष्णता भांड्याच्या बुडातच निर्माण होत असल्याने ८५ टक्क्यांपर्यंत ऊर्जा कामी येते. सळया तयार करणाऱ्या शहरात ॲल्युमिनियमचे पातेले इंडक्शनवर का चालत नाही, हा प्रश्न मात्र दुकानात रोज विचारला जात असणार. चालण्यासाठी बूड चुंबक चिकटणारे हवे.

मग इंडक्शन स्वस्त पडते का? एका सिलिंडरइतके काम करायला त्याला सुमारे १४५ युनिट लागतात. सिलिंडर ९०० रुपयांचा धरला तर बरोबरीचा भाव युनिटला ६ रुपये २० पैसे. आता महावितरणचे २०२४-२५ चे दर पाहू. पहिल्या शंभर युनिटांना ४ रुपये ७१ पैसे, १०१ ते ३०० युनिटांना १० रुपये २९ पैसे, त्यावर वहन आकार १ रुपया १७ पैसे आणि या साऱ्यावर १६ टक्के वीज शुल्क. म्हणजे पहिल्या टप्प्यातले युनिट ६ रुपये ८० पैशांच्या पुढे पडते, आणि दुसऱ्या टप्प्यातले १३ रुपयांच्या पुढे. दर पुढे बदलत राहिले तरी दोन टप्प्यांतली दरी मोठीच आहे. शंभरी ओलांडली की सगळ्याच युनिटांना वरचा दर लागतो, हा समज चुकीचा आहे. वरचा दर फक्त वरच्या युनिटांना लागतो. तरीही इंडक्शनची युनिटे आधीच्या दिवे-पंख्यांच्या वर चढतात, म्हणून ती महाग टप्प्यात जातात. या दराने सिलिंडर १,९०० रुपयांच्या पुढे गेल्याशिवाय दुसऱ्या टप्प्यातले इंडक्शन परवडत नाही. जाहिरातीत हे गणित सापडत नाही.

भाकरीचा प्रश्न तर पैशाच्या पलीकडचा. तव्यावर दोन्ही बाजूंनी पापुद्रा धरलेली ज्वारीची भाकरी चुलीच्या आराशी उभी केली की निखाऱ्यांची प्रारणे तिला बाहेरून झपाट्याने तापवतात, आत अडकलेली वाफ फुगते आणि दोन पदर सुटे होतात. गॅसच्या ज्योतीवर हे जमते. इंडक्शनला ज्योतच नसल्याने फडक्याने दाबून भाकरी कशीबशी फुगते.

विजेची सर्वांत मोठी उधळपट्टी मात्र स्वयंपाकात नव्हे, आंघोळीच्या पाण्यात होते. वीस लिटर पाणी २० अंशांवरून ४२ अंशांवर न्यायला अर्धे युनिट लागते. पाच माणसांच्या घरात महिन्याला ७५ युनिट फक्त गिझरला गेली, की दुसऱ्या टप्प्याच्या दराने हजार रुपये झाले. चाळीस अंशांच्या पाण्यासाठी विजेसारखी उंची ऊर्जा जाळण्याची गरज नसते. तांब्याचा बंब इथे चुलीपेक्षा सरस ठरतो, कारण जाळ मधल्या नळीत असतो आणि चहूबाजूंनी पाणी. पऱ्हाटी आणि तुराट्या वापरायच्याच तर त्या अंगणातल्या बंबात वापराव्यात. तिथे धूर घरात कोंडत नाही. छतावरचा सौर बंब हेच काम उन्हावर करतो.

उन्हाळ्यात बिल चढते ते पंख्याने आणि कूलरने. जुना पंखा ७५ वॉट घेतो, बीएलडीसी मोटरचा ३० च्या आसपास. तीन पंखे रोज पंधरा तास फिरले तर महिन्याला साठ युनिटांचा फरक पडतो, आणि तो सगळा महाग टप्प्यातला. कूलर दोनशे वॉटमध्ये भागवतो, कारण गारवा वीज देत नाही, बाष्पीभवन देते. एक लिटर पाणी उडताना हवेतून दोन-तृतीयांश युनिटाइतकी उष्णता शोषून घेते. मराठवाड्याची मे महिन्यातली कोरडी हवा त्याला पोषक असते. जूनमध्ये दमटपणा आला की तोच कूलर नुसता ओलसर वारा देतो. अडचण पाण्याची आहे. दुपारभरात कूलर तीस-चाळीस लिटर सहज पितो, आणि २०१२-१३ च्या दुष्काळात टँकरवर दिवस काढलेल्या शहरात ही विजेची बचत पाण्याच्या खात्यावर पडते. छताला पांढरा चुना दिला तर दोन्ही वाचतात. जुन्या माळवदाचा जाड मातीचा थर दुपारची धग रात्रीपर्यंत अडवून धरत असे. उघडा सिमेंटचा स्लॅब किंवा पत्रा तसे करत नाही.

छतावरच्या सौर वीजसंचाला फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या ‘पीएम सूर्यघर’ योजनेत दोन किलोवॉटपर्यंत किलोवॉटला ३० हजार, तीन किलोवॉटपासून पुढे एकूण ७८ हजार रुपये अनुदान आहे. इथल्या उन्हात एक किलोवॉट दिवसाला सरासरी चार युनिट देतो. मेमध्ये ऊन सर्वांत कडक असले तरी उत्पादन त्या प्रमाणात वाढत नाही, कारण पॅनेल साठ अंशांपलीकडे तापते आणि पंचविशीच्या वर दर अंशाला सुमारे ०.४ टक्के क्षमता गमावते. दोनशे-अडीचशे युनिट वापरणाऱ्या घराची महाग युनिटे आधी वाचतात, म्हणून त्याचा खर्च लवकर फिटतो आणि तिथे इंडक्शनही परवडू लागते. साठ-सत्तर युनिटांच्या घराला घाई नाही. बिल मात्र शून्यावर येत नाही, स्थिर आकार भरावाच लागतो. शिवाय बॅटरी नसलेला संच गावची वीज गेली की भर उन्हातही बंद पडतो. तारेवर काम करणाऱ्या वायरमनला छतावरून येणाऱ्या विजेचा झटका बसू नये म्हणून इन्व्हर्टर आपणहून जोडणी तोडतो.