‘हिंगोली’ या शब्दात अक्षरे किती?

‘हिंगोली’ या शब्दात अक्षरे किती, असे दुसरीच्या वर्गात विचारले तर मुले टाळ्या वाजवून सांगतील : हिं-गो-ली, तीन. हाच प्रश्न पायथन या संगणकभाषेत विचारला तर उत्तर येते ७. शब्दकोडे, हजेरीपट किंवा पालकांना निरोप पाठवणारे लहानसे ॲप हौसेने तयार करू पाहणाऱ्या मराठी माणसाची या साताशी कधी ना कधी गाठ पडतेच. हे सात येतात कुठून, ते पाहू.

संगणकाला अक्षर कळत नाही, संख्या कळते. १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या युनिकोड या संकेतप्रणालीत देवनागरीसाठी २३०४ ते २४३१ हे १२८ क्रमांक राखून ठेवले आहेत. त्यांत व्यंजनांप्रमाणेच काना, वेलांटी, अनुस्वार आणि हलन्ताची खूण यांनाही स्वतंत्र क्रमांक आहेत. त्यामुळे ‘हिंगोली’ असे साठवले जाते : ह २३६१, ऱ्हस्व वेलांटी २३६७, अनुस्वार २३०६, ग २३२७, ओकार २३७९, ल २३५४, दीर्घ वेलांटी २३६८. झाले सात!

आता जिल्ह्यातील इतर तालुक्यांची नावे घेऊ. औंढा : अक्षरे २, क्रमांक ४. सेनगाव : ४ आणि ६. कळमनुरी : ५ आणि ७. वसमत मात्र ४ आणि ४, कारण त्यात काना-मात्रा नाही. म्हणजे केवळ ‘वसमत’ घालून प्रोग्राम तपासला तर दोष दिसणारच नाही. चाचणीसाठी शब्द निवडताना हे ध्यानात ठेवावे.

हा फरक केवळ गमतीचा नाही. ‘ज्ञानेश्वर’ या नावात अक्षरे चार, पण क्रमांक दहा. अर्जातील रकाना आठ क्रमांकांचा असेल, तर मुलाचे नाव ‘ज्ञानेश्’ एवढेच उरेल. मोबाइलच्या एका लघुसंदेशात साधी रोमन अक्षरे १६० मावतात. देवनागरीत मर्यादा ७० क्रमांकांची, आणि एकटे ‘हिंगोली’ त्यांतले सात खाते.

अनुक्रमाचेही तसेच. आपल्या वर्णमालेत ‘ळ’ हा ‘ह’नंतर येतो. युनिकोडमध्ये तो ‘ल’ला लागून, म्हणजे २३५५ वर आहे आणि ‘व’ २३५७ वर. नुसत्या क्रमांकांवरून हजेरीपट लावला तर ‘काळे’ आधी येतात आणि ‘कावळे’ नंतर. वर्णमालेप्रमाणे हे उलट हवे.

यावर उपाय आहेत. अक्षर कुठे संपते हे ओळखण्याचे नियम युनिकोडनेच ठरवून दिले आहेत, आणि ते पाळणारी साधने विनामूल्य मिळतात. मात्र देवनागरीतील जोडाक्षर एकसंध धरण्याचा नियम त्यांत २०२३ सालच्या १५.१ या आवृत्तीत आला. म्हणून जुने साधन ‘स्त्री’चे अजूनही तीन तुकडे करते. साधन निवडताना त्याची आवृत्ती पाहावी.

शिक्षकांनी हा प्रयोग वर्गात जरूर करावा. विद्यार्थ्यांना आपल्या गावाचे नाव फळ्यावर लिहायला सांगून त्याची अक्षरे व चिन्हे वेगवेगळी मोजून घ्यावीत. संगणक असेल तर ताळा तिथे करावा. नसेल तरी मोजणी खडूने होतेच.