नवं रूप, जुनी बोटं

'नवीन व्हर्जन आलंय' असं कानावर पडायचा अवकाश, आपण हॉस्टेलवाले डोळे झाकून इन्स्टॉल करून मोकळे! बिघडलंच तर एक रात्र फुकट जाते, बस्स. पण ज्या सॉफ्टवेअरवर एखाद्याचा धंदा चालतो, त्याचं काय? टॅलीचं उदाहरण घेऊन बघूया.

टॅली म्हणजे आपल्याकडच्या दुकानदारांचं रोजचं हिशेबाचं सॉफ्टवेअर. नोव्हेंबर २०२० मध्ये टॅली ईआरपी ९ च्या जागी टॅलीप्राइम आलं. जमाखर्चाचे नियम तेच, चेहरा मात्र बदलला. त्यातली मला आवडलेली सोय म्हणजे 'गो टू'. ऑल्ट-जी दाबा, हव्या त्या रिपोर्टचं नाव टाइप करा, रिपोर्ट हजर. व्हाउचर अर्धवट असलं तरी रिपोर्ट बघून परत तिथेच येता येतं. नवशिक्याला मेनूची वाट पाठ करायला नको.

मग अडचण कुठे आहे? बोटांत! माझ्या काकांच्या दुकानात हिशेब लिहिणाऱ्या काकू कीबोर्डकडे बघतसुद्धा नाहीत. पेमेंटला एफ५, सेल्सला एफ८, परचेसला एफ९, हे दोन्हीकडे सारखंच आहे. पण ईआरपी ९ मध्ये कंट्रोल-एफ८ म्हणजे क्रेडिट नोट होती. प्राइममध्ये तिथे सेल्स ऑर्डर आहे आणि क्रेडिट नोट ऑल्ट-एफ६ वर गेली. गिऱ्हाइकाने माल परत केला की क्रेडिट नोटने त्याची उधारी कमी होते. सेल्स ऑर्डर ही नुसती मागणीची नोंद, तिने उधारीत काहीच फरक पडत नाही. म्हणजे वरचं नाव न वाचता सवयीने कळ दाबली, तर गिऱ्हाइकाशी भांडण ठरलेलं.

म्हणून अपग्रेडची परीक्षा रंगरूपावरून घेऊ नये. माझ्या मते पद्धत साधी आहे. आधी डेटाचा बॅकअप. मग रोजच्या दहा कामांची यादी करा, त्याच नोंदी जुन्यात आणि नव्यात करून वेळ आणि चुका मोजा. डेमो देणाऱ्याला नाही, रोज काम करणाऱ्या माणसालाच बसवा. पहिल्या दिवशी निकाल लावू नका, दोन आठवड्यांनी पुन्हा मोजा. आणि हे मार्चअखेरीला तर मुळीच नको!

एका नोंदीला १० सेकंद जास्त लागले, तर ४० नोंदींना जवळपास पावणेसात मिनिटंच जातात. ती हळूहळू भरून निघतील. पण त्या दोन आठवड्यांत मालक म्हणून बसला की 'यांना आता जमत नाही', तर ते कसं भरून निघणार?

उद्या आपल्यापैकी बरेच जण असले स्क्रीन बनवतील. कळ बदलण्याआधी एवढं विचारा, तिच्यावर आधीपासून कोणाचं बोट आहे?