बीडीएसनंतर परदेशात दंतवैद्य व्हायचे तर : वाट, खर्च आणि शिष्यवृत्तीतली फट

वसई, नालासोपारा, विरार, नायगाव या पट्ट्यातून आपल्या समाजातील मुले-मुली बीडीएस होऊ लागली, त्यामागे आरक्षण आहे, पोस्ट मॅट्रिक शिष्यवृत्ती आणि फ्रीशिप आहे आणि विरार लोकलमध्ये उभ्याने काढलेली पाच वर्षे आहेत. इंटर्नशिप संपली की पुढचा प्रश्न येतो : आता काय? नीट-एमडीएस द्यायची, कुणाच्या तरी क्लिनिकमध्ये तुटपुंज्या पगारावर बसायचे, की बाहेर जायचे? बाहेर जाण्याबद्दल एजंट आणि समाजमाध्यमे भरपूर बोलतात. पण अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्याला ज्या ठिकाणी अडायला होते, त्याबद्दल फार कमी बोलले जाते. म्हणून ही वाट टप्प्याटप्प्याने समजून घेऊ.

पदवी चालते, परवाना मिळत नाही

भारतातील बीडीएस म्हणजे चार वर्षांचा अभ्यास आणि एक वर्षाची इंटर्नशिप. ही पदवी घेऊन अमेरिकेत थेट रुग्णाच्या तोंडाला हात लावता येत नाही. तिथे दंतवैद्याचा परवाना प्रत्येक राज्य स्वतंत्रपणे देते आणि साधारणपणे अट एकच असते : पदवी ‘सीओडीए’ या संस्थेने मान्य केलेल्या डेंटल कॉलेजची हवी. भारतातील बहुतेक कॉलेजे या यादीत बसत नाहीत.

म्हणजे तिथल्या डेंटल कॉलेजात पुन्हा प्रवेश घ्यायचा. मात्र पहिल्या वर्षापासून नव्हे. परदेशात शिकलेल्या दंतवैद्यांसाठी ‘अॅडव्हान्स्ड स्टँडिंग’ नावाचे दोन ते तीन वर्षांचे अभ्यासक्रम आहेत. न्यूयॉर्क, बोस्टन, पेनसिल्व्हेनिया, मिशिगन ही विद्यापीठे आणि सॅन फ्रान्सिस्कोतील युनिव्हर्सिटी ऑफ द पॅसिफिक यांनी असे अभ्यासक्रम चालवले आहेत. शेवटी तिथल्या विद्यार्थ्याला मिळते तीच डीडीएस किंवा डीएमडी पदवी मिळते. नावे दोन असली तरी दोन्हींचे मोल सारखेच.

अर्जाचे टप्पे

पहिला टप्पा कागदपत्रांचा. महाराष्ट्रातील बहुतेक बीडीएस पदव्या नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या असतात, तर अभिमत विद्यापीठांच्या कॉलेजांत ते विद्यापीठच पदवी देते. तिथून अधिकृत गुणपत्रकांचा संच, म्हणजे ट्रान्स्क्रिप्ट, काढावा लागतो आणि त्याचे मूल्यमापन ‘ईसीई’ या अमेरिकी संस्थेकडून करून घ्यावे लागते. यात महिने जातात. पासपोर्ट, दहावीची गुणपत्रिका, पदवी आणि जातीचा दाखला यांत नाव किंवा आडनाव वेगवेगळे असेल तर आणखी वेळ जातो. आपल्या घरांत आडनाव बदलल्याची उदाहरणे कमी नाहीत. राजपत्रातील नोंद इंटर्नशिपच्या वर्षातच करून ठेवा.

दुसरा टप्पा आयएनबीडीई परीक्षेचा. पूर्वी राष्ट्रीय बोर्डाची परीक्षा दोन भागांत होत असे. त्या जागी आता ही एकच एकत्रित परीक्षा आहे : दोन दिवस, ५०० प्रश्न. निकाल फक्त उत्तीर्ण किंवा अनुत्तीर्ण असा लागतो. पाठांतरापेक्षा रुग्णाची माहिती वाचून निर्णय घेण्यावर भर असतो. शुल्क हजार डॉलरच्या वर जाते आणि परीक्षेसाठी अमेरिका किंवा कॅनडातील केंद्र गाठावे लागते. म्हणजे प्रवेश मिळण्याआधीच एका व्हिसाचा आणि विमान तिकिटाचा खर्च धरावा लागतो.

तिसरा टप्पा इंग्रजीचा, म्हणजे टोफेलचा. हा गुणांक दोनच वर्षे चालतो. म्हणून टोफेल आधी देऊन बोर्डाची परीक्षा लांबवली तर पैसे वाया जाऊ शकतात.

चौथा टप्पा प्रत्यक्ष अर्जाचा. ‘कॅपिड’ या सामायिक पोर्टलवरून एकाच वेळी अनेक कॉलेजांना अर्ज करता येतो, पण प्रत्येक वाढीव कॉलेजमागे शुल्क वाढते आणि काही कॉलेजे स्वतःचे शुल्क वेगळे घेतात. सोबत शिफारसपत्रे आणि स्वतःबद्दलचे निवेदन लागते. या निवेदनात आपली मुले कमी पडतात, कारण आपले काम हे काम आहे असे त्यांना वाटतच नाही. वस्तीत घेतलेले दंततपासणी शिबिर, १४ एप्रिलला लावलेला आरोग्य स्टॉल, तंबाखू-मिश्री सोडवण्यासाठी केलेली घरभेट हे सगळे लिहिण्यासारखे आहे. तारीख, ठिकाण आणि किती जणांना तपासले याची नोंद वहीत ठेवा.

पाचवा टप्पा मुलाखत आणि बेंच टेस्ट. अनेक कॉलेजे प्लास्टिकच्या दातांच्या सांच्यावर, म्हणजे टायपोडॉन्टवर, ठरावीक वेळेत काम करून दाखवायला लावतात : क्राउनसाठी दाढ घासून तिला आकार देणे, पोकळी तयार करून भरणे. इथे गुणपत्रिका कामाला येत नाही. हात बोलतो आणि हाताला रोजचा सराव लागतो.

अर्ज भरण्यापासून वर्गात बसेपर्यंत साधारण एक वर्ष जाते. त्याआधीची तयारी धरली तर इंटर्नशिप संपल्यावर दोन ते तीन वर्षांचा हिशेब मनाशी ठेवावा.

पैसा : खरा अडथळा इथे आहे

शुल्क आणि राहण्याचा खर्च मिळून अनेक कॉलेजांत हा अभ्यासक्रम दोन लाख डॉलरच्या वर जातो. रुपयांत हा आकडा दीड कोटीच्या पुढचा आहे. साहजिकच पहिली आठवण शिष्यवृत्तीची होते.

राज्याच्या सामाजिक न्याय विभागाची राजर्षी शाहू महाराज परदेशी शिष्यवृत्ती अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी आहे. दरवर्षी ७५ जागा असतात. केंद्राच्या राष्ट्रीय परदेशी शिष्यवृत्तीत १२५ जागा असून त्यातील ११५ अनुसूचित जातींसाठी आहेत. वार्षिक कौटुंबिक उत्पन्नाची मर्यादा ८ लाख रुपये, वयाची मर्यादा ३५ वर्षे आणि किमान ६० टक्के गुण अशा तिच्या मुख्य अटी आहेत. दोन्ही योजनांत विद्यापीठाच्या क्यूएस क्रमवारीची अटही असते. नेमकी क्रमवारी आणि इतर अटी त्या वर्षीच्या जाहिरातीत पाहाव्यात, कारण त्या बदलत राहतात.

आता फट कुठे आहे ती पाहा. या दोन्ही योजना पदव्युत्तर आणि पीएच.डी.साठी आहेत. डीडीएसच्या नावात ‘डॉक्टर’ असला तरी ती पीएच.डी. नाही आणि मास्टर्सही नाही. अमेरिकेत ती व्यवसायाची पहिली पदवी समजली जाते. बीडीएस झालेला विद्यार्थी ‘मी पुढचे शिक्षण घेतो आहे’ असे समजून अर्ज करतो, आणि कागदावर तो पुन्हा पहिल्याच पायरीवर उभा दिसतो. त्यामुळे कॉलेजचे शुल्क भरण्याआधी, ‘हा अभ्यासक्रम योजनेत धरला जाईल का’ हे संबंधित विभागाला लेखी विचारा आणि उत्तरही लेखीच घ्या. तोंडी आश्वासनावर दीड कोटीचा निर्णय घेता येत नाही.

दाखल्याबाबत एक गोष्ट. १९९० च्या दुरुस्तीने बौद्धांना केंद्रातही अनुसूचित जातीचे लाभ खुले झाले. पण राज्यासाठीचा ‘नवबौद्ध’ दाखला आणि केंद्राच्या नमुन्यातील दाखला या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. केंद्राच्या योजनेसाठी केंद्राच्याच नमुन्यातील दाखला हाताशी हवा. जात वैधता प्रमाणपत्रही तयार ठेवा.

घर आहे, पण तारण नाही

शिष्यवृत्ती नाही तर कर्ज. बँकांच्या शैक्षणिक कर्जाच्या प्रचलित नमुन्यात साडेसात लाखांच्या वरच्या रकमेला तारण मागितले जाते. वसई-विरारमध्ये नेमके इथेच घोडे अडते. आपली अनेक कुटुंबे चाळीत किंवा भोगवटा प्रमाणपत्र नसलेल्या इमारतीत राहतात. घरपट्टी भरतात, वीजबिल भरतात, पण बँकेच्या लेखी ते घर तारण नसते. २०२५ च्या सुरुवातीपर्यंत नालासोपारा पूर्वेतील ४१ अनधिकृत इमारती न्यायालयाच्या आदेशाने पाडल्या गेल्या, तेव्हा आयुष्याची कमाई घातलेले घर कागदावर काहीच नव्हते हे हजारो लोकांना कळले. त्या पाडकामाची झळ मुलांच्या शिक्षणालाही बसते, ती अशी.

महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळामार्फत केंद्रीय महामंडळाची शैक्षणिक कर्ज योजना मिळते. तिची चौकशी जरूर करावी, पण अमेरिकेतील खर्चापुढे ती रक्कम अपुरी पडते, हे धरून चालावे.

बाबासाहेबांचा अनुभव इथे डोळ्यांसमोर ठेवावा. १९१३ साली ते बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर कोलंबियाला गेले. १९१७ साली शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि लंडनमधील अभ्यास अर्धवट ठेवून त्यांना परतावे लागले. १९२० साली ते पुन्हा गेले ते सिडनहॅम कॉलेजातील नोकरीतून साठवलेले पैसे, शाहू महाराजांची मदत आणि मित्र नवल भथेना यांचे कर्ज यांच्या आधारावर. एका स्रोतावर विसंबून चालत नाही. शेवटच्या सत्राचे पैसे कुठून येणार, हे पहिल्या सत्राआधी ठरलेले हवे.

दुसरे दरवाजे

कॅनडात डेंटल कॉलेजात न जाताही वाट आहे. तिथल्या राष्ट्रीय दंत परीक्षा मंडळाची समकक्षता प्रक्रिया, म्हणजे आधी ‘एएफके’ ही मूलभूत ज्ञानाची परीक्षा आणि पुढे क्लिनिकल कौशल्याची परीक्षा, पार करता येते. परीक्षा अवघड आणि महाग आहेत, पण दोन-तीन वर्षांच्या कॉलेज शुल्कापेक्षा खर्च कमी पडतो. ब्रिटनमध्ये जनरल डेंटल कौन्सिलची ‘ओआरई’ ही दोन भागांची परीक्षा आहे. ऑस्ट्रेलियात तिथल्या डेंटल कौन्सिलचे कागदपत्र मूल्यमापन, लेखी आणि प्रात्यक्षिक असे तीन टप्पे आहेत.

आणखी एक वाट शिष्यवृत्तीच्या चौकटीत बसू शकते : सार्वजनिक आरोग्यातील मास्टर्स, म्हणजे एमपीएच. अनेक भारतीय दंतवैद्य आधी एमपीएच करून मग अॅडव्हान्स्ड स्टँडिंगला अर्ज करतात. तिथल्या प्राध्यापकांची शिफारसपत्रे मिळतात, इंग्रजी सुधारते. मात्र एमपीएचने दंतवैद्याचा परवाना मिळत नाही आणि पुढच्या टप्प्याचा खर्च उरतोच. शिष्यवृत्तीच्या करारात शिक्षणानंतर परतण्याची अट आहे का, हेही सही करण्याआधी वाचा.

कार्यकर्त्यांसाठी

हे सगळे एकट्या विद्यार्थ्यावर सोडू नये. तीन कामे आपल्या हातातली आहेत. पहिले, विहारात महिन्यातून एक रविवार कागदपत्रांसाठी ठेवावा : नावातील फरक, वैधता, केंद्राच्या नमुन्यातील दाखला. दुसरे, परदेशात पोचलेल्या आपल्या दंतवैद्यांना निवेदन तपासण्यासाठी आणि सराव मुलाखतीसाठी जोडून घ्यावे. तिसरे आणि सर्वांत महत्त्वाचे, परवाना देणाऱ्या व्यावसायिक पदव्यांचा परदेशी शिष्यवृत्तीत स्पष्ट समावेश करावा, अशी मागणी सामाजिक न्याय विभागाकडे लेखी करावी. नियमात एक ओळ वाढली तर पुढच्या मुलीला घर गहाण ठेवण्याचा विचार करावा लागणार नाही. गहाण ठेवायला घर नसेल, तर तिची वाट तिथेच संपणारही नाही.

सोपारा हे कधीकाळी जगाशी व्यापार करणारे बंदर होते आणि तिथला स्तूप आजही उभा आहे. या मातीतून बाहेर जाणे नवे नाही. मात्र जाण्याआधी हिशेब पक्का असावा आणि तो मांडताना विद्यार्थी एकटा नसावा.