मोरीचं पाणी परसातल्या झाडाला

उन्हाळा लागला की आपल्या तालुक्याच्या दक्षिणेकडच्या गावांत बाया टँकरची वाट बघतात, आणि त्याच गावांत मोरीचं पाणी रस्त्यावर वाहत असतं. जलजीवन मिशनचं माप माणशी रोज 55 लिटर. म्हणजे पाच माणसांच्या घराला 275 लिटर. प्यायचं, रांधायचं आणि संडासचं सोडलं, तरी दीडशेएक लिटर मोरीतून जातं.

काहीजणी म्हणतील, शी, सांडपाणी झाडाला? अहो, पुण्याचं सांडपाणी, काही शुद्ध केलेलं, काही तसंच, मुळा-मुठेतून भीमेत आणि तिथून उजनीत येतं. तेच पाणी कालव्याने आपल्याकडे पोचतं. तिकडे पॅलेस्टाइनमध्ये जेरिको शहराचं सांडपाणी शुद्ध करून खजुराच्या बागांना देतात.

घरी काय करायचं? संडासचं पाणी यात कधीच घ्यायचं नाही. मोरीच्या तोंडाला जाळी लावा. पाणी आधी एका टाकीत जाऊ द्या. खरकटं खाली बसतं, तेलकट तवंग वर राहतो. तिथून दुसऱ्या पिंपात. त्यात तळाला दगड, मग खडी, वर जाड वाळू. पाणी वरून पडेल, तळाच्या तोटीतून निघेल. वरची वाळू मधूनमधून धुवावी लागते, ते काम चुकत नाही. निघालेलं पाणी त्याच दिवशी वापरा. साठवलं की वास येतो, डास होतात. आणि गाळलं म्हणजे जंतू गेले असं नाही, म्हणून मेथी-कोथिंबिरीला ते नको. नारळ, शेवगा, जनावरांचं गवत यांना द्या, तेही बुडाशी, पानांवर नाही. लिंबाला खारं सोसत नाही.

आता मातीचं. आपल्या मंगळवेढ्याच्या ज्वारीला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. ती काळ्या रानातल्या ओलीवर येते. धुण्याच्या सोड्यात आणि पावडरीत सोडियम असतं. ते साठलं की काळी माती चोपण होते: ओली असताना चिकट, वाळली की दगड, पाणी मुरतच नाही. तेव्हा हे पाणी परसापुरतंच ठेवा, ज्वारीच्या रानात सोडू नका. धुण्याचं पहिलं, फेसाचं पाणी शोषखड्ड्यात घाला. खळबळून काढलेलं दुसरं-तिसरं झाडाला चालतं. बाळाचे लंगोट धुतलेलं पाणी मात्र संडासातच ओता.